होडीवालीची खालची ओळ

आजीबाईंचा राग नाकावर असतो असं म्हणणं म्हणजे त्या रागाचा अपमान. नाकावर बसायला तो काय माशी आहे? तो जिभेवरच राहायला आलेला, तोही सहकुटुंब. रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हटलं की तो बाहेर, शेजारणीने जिन्यात चपला पसरल्या की तो बाहेर, आणि चहा गार आला तर विचारूच नका.

आता आजीबाई म्हटलं म्हणून पांढऱ्या केसांची, काठी टेकणारी बाई डोळ्यांपुढे आणू नका. पन्नाशी नुकती कुठे उलटलेली. पण पंचविशीपासून त्या म्हाताऱ्यांचे आवाज काढत आल्या. जाहिरातीतली खाष्ट सासू, कार्टूनमधली चेटकीण, गोष्टी सांगणारी आजी, आणि अलीकडे गेममधल्या एकजात सगळ्या म्हाताऱ्या. स्टुडिओत कुणीतरी कधीतरी ‘आजीबाई आल्या का?’ असं विचारलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. “मी खरी म्हातारी झाले ना, की हे लोक मला बालवाडीतल्या पोरीचं काम देतील,” असं त्या म्हणत, आणि म्हणताना बालवाडीतल्या पोरीचाच आवाज काढत.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की वर रेकॉर्डिंग बंद. आतली खोली कपाटाएवढी, भिंतींना करडा स्पंज, मधोमध माइक, समोर काच. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा बसे. त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण त्याला नको ते सगळं ऐकू येई. “आजीबाई, काहीतरी खाऊन या. पोट बोलतंय, माइकात येतंय,” असं तो बिनदिक्कत सांगे.

बाईंचं नाव झालं ते एका गेममधल्या होडीवालीमुळे. त्या गेममध्ये एक नदी आहे, आणि खेळणाऱ्याला ती पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते. दर खेपेला होडीवाली म्हातारी त्याला काहीतरी सुनावते. कधी चिडवते, कधी दमात घेते, क्वचित मायेने बोलते. खेळणारी पोरं म्हणे विनाकारण नदी ओलांडत, नुसती तिची बोलणी खायला. एका खेपेला ती म्हणते, “आधी तोंड मिट. तुझ्या बडबडीनंच होडी हलतेय!” हे वाक्य तर गावभर झालं. वर्गात, दुकानात, बसच्या रांगेत, कुणी जास्त बोलायला लागला की दुसरा म्हणायचा, तोंड मिट, होडी हलतेय.

हे वाक्य बाईंचं स्वतःचं. कागदावर नव्हतंच ते. स्टुडिओची रीतच तशी होती. लेखिका वाक्यं लिहून देई, ती गेम कंपनीच्या साहेबांच्या ऑफिसात जात, तिथे त्यांना ‘कुलूप’ लागे, म्हणजे आता बदल बंद, आणि मग ती चित्रं करणाऱ्यांकडे जात, पडद्याच्या तळाशी अक्षरांत बसवायला. रेकॉर्डिंग त्यानंतर. आणि काचेच्या आत गेलं की कुलूपबिलूप कुणाला आठवतंय! कागदावर शोभणारं वाक्य तोंडात अडकतं, चित्रातल्या म्हातारीचे ओठ आधीच मिटतात. मग साहेब काचेबाहेरून म्हणत, “आजीबाई, तुमच्या तोंडात बसेल तसं म्हणा.” आणि बाई म्हणत. लेखिकेला रेकॉर्डिंगला बोलवतच नसत, कारण एकदा आली तेव्हा तिने एका शब्दासाठी अर्धा दिवस भांडण केलं होतं.

आता घरचं सांगतो. बाईंचे यजमान छापखान्यात मशीनवर होते, म्हणून सगळे त्यांना मशीनवाले म्हणत. उभा जन्म त्या धडधडाटात गेला, कानात बोळे घालायचं कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, असं बाई म्हणत. आधी उजवा कान गेला, मग डावा. कानाला यंत्र लावून पाहिलं, तर त्यांना सगळीकडे छापखानाच ऐकू यायला लागला. ते यंत्र डबीत गेलं. तीन वर्षांपूर्वी उरलंसुरलंही गेलं.

विचार करा, बायको अशी की जिच्या आवाजावर घर चालतं, आणि नवऱ्याला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नाही. शेजारी गमतीने म्हणत, काका सुटले. एकदा जिन्यात एकाने हे बाईंच्या तोंडावर म्हटलं. त्या माणसाने पुढे महिनाभर दुसरा जिना वापरला.

ओठ बघून मशीनवाले थोडंफार समजत. पण बाईंचं बोलणं म्हणजे सुसाट. एक वाक्य संपायच्या आत दुसरं दारात उभं. हळू बोलायला लागल्या की त्यांना स्वतःचाच राग येई. मग “काही नाही, जाऊ दे,” असं हाताने सांगून त्या स्वयंपाकघरात जात. घरात बोलणं आटत चाललं होतं आणि दोघांनाही ते कळत होतं.

लेकीने दुसऱ्या गावी नोकरीला जाताना आपला जुना कॉम्प्युटर मागे ठेवला, त्यावर आईचा गेम घालून दिला आणि बापाला शिकवला. मशीनवाल्यांना तो असा लागला की विचारू नका. रोज सकाळी चहा झाला की ते नदीवर. खाली अक्षरं उमटत, ते चष्मा पुसून वाचत. “बाकी कुठे नाही, पण इथे मला तुझं सगळं ऐकू येतं,” असं एकदा ते बाईंना म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज चढा असतो, शेजारच्या घरालाही ऐकू गेलं. बाईंनी “उगीच काहीतरी!” म्हणून पाठ फिरवली, पण त्या दिवशी त्या कुणावरही ओरडल्या नाहीत.

आणि मग तो रविवार आला. मशीनवाले दाढी करायला गेले होते ते परत आले तेच तोंड पाडून. अर्ध्या गालाला साबण तसाच.

“काय झालं?” बाईंनी खुणेने विचारलं.

“न्हाव्याकडे सगळे हसत होते,” ते म्हणाले. “माझ्याकडे बोट दाखवून हसत होते. मला वाटलं, माझी चेष्टा करतायत. न्हाव्याला विचारलं तर त्याच्या मिशा ओठांवर आलेल्या, मला काय कळणार? शेवटी त्याने साबणाच्या बोटाने आरशावर लिहून दाखवलं.”

“काय लिहिलं?”

“आधी तोंड मिट, तुझ्या बडबडीनंच होडी हलतेय. आणि खाली, काकूंचं वाक्य. हे तू कधी म्हणालीस गं?”

“कधी म्हणजे? होडीतच! तुम्ही रोज तर ऐक–” बाई थांबल्या. “वाचता की!”

“मी नाही वाचलं असलं काही. मला पाठ आहे तिथलं सगळं.”

बाईंनी त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि शेजारी खुर्ची ओढली. गेम सुरू झाला, नदी आली, होडी सुटली. कॉम्प्युटरमधून बाईंचाच आवाज खणखणीत आला: “आधी तोंड मिट. तुझ्या बडबडीनंच होडी हलतेय!” आणि खाली पांढऱ्या अक्षरांत लिहून आलं: ‘शांत बस. प्रवाह वेगवान आहे.’

बाई बघतच राहिल्या. पुढची खेप. आवाजात होडीवाली म्हणाली, “आलास परत? तिकडे कुणी जेवायला घातलं नाही वाटतं!” खाली: ‘पुन्हा स्वागत.’

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस ‘प्रवाह वेगवान आहे’ वाचून आपल्याला सांगतोय की तुझं सगळं ऐकू येतं! आणि आपण? आपण त्या तळाकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. कशाला पाहू? कान शाबूत होते ना! ज्याला ऐकू येतं तो खाली बघत नाही, ज्याला येत नाही त्याला वर काय चाललंय ते माहीत नाही. दोघं एकाच नदीवर आणि दोघांच्या होड्या वेगळ्या. स्टुडिओतसुद्धा एकाने, एकाने तरी, वाचता वाचता ऐकलं असतं तर!

सोमवारी त्या स्टुडिओचा जिना चढल्या तेव्हा खालच्या टायरवाल्याने पंप आपणहून बंद केला.

साहेब, म्हणजे रेकॉर्डिंग करून घेणारे आणि गेम कंपनीच्या वतीने हो-नाही म्हणणारे गृहस्थ, नेमके खुशीत होते. गेमचा दुसरा भाग येऊ घातला होता. बाईंनी सगळं सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, पण ती ऐकल्याची नव्हती, संपण्याची वाट बघणारी होती.

“अहो आजीबाई, खालचं वाचतो कोण? तुमचा आवाज ऐकायला लोक येतात. दुसऱ्या भागात तर आम्ही खालच्या ओळी काढूनच टाकतोय. चित्र कसं मोकळं दिसतं. एवढं तुम्ही जीव ओतून बोलता, मग अक्षरांची कुबडी कशाला?”

वर हे कौतुक म्हणून!

पण बाईंनी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून लेखिका बोलली; दुसऱ्या भागाच्या कामाला आलेली. चष्म्यातली शांत पोरगी, पण आज ती उठून उभी राहिली. “काढायचं तर आवाज काढा. वाचणारा आपल्या मनातला आवाज लावतो, ती मजाच वेगळी. आणि साहेब, मी ‘प्रवाह वेगवान आहे’ असं कधी लिहिलंच नव्हतं. मी लिहिलं होतं, शांत बस पोरा, नदी बोलणाऱ्याचं ऐकत नाही. दोन ओळींत बसत नाही म्हणून तुमच्या ऑफिसने कापलं. उरलेलं यांनी काचेत बदललं. गेम उघडला तर मला माझं लेकरू ओळखू येईना!”

“तुमची वाक्यं जड असतात,” साहेब म्हणाले.

“तुमच्या कात्र्या जड असतात!”

झालं. आवाज मोठा की अक्षर मोठं, यावर दोघांची जुंपली. आवाज म्हणजे जीव, असं साहेब म्हणत होते. अक्षर म्हणजे मोकळीक, ज्याला भराभर वाचायचंय त्याने वाचावं, असं लेखिका म्हणत होती. काचेपलीकडे कानसेन डबा उघडून बसला.

“बास!” आजीबाई गरजल्या. डब्याचं झाकण खाली पडलं. “अहो, इथे काय वादविवाद स्पर्धा आहे? आवाज मोठा की अक्षर म्हणे! माझ्या घरी एक माणूस बसलाय, त्याला आवाज मिळत नाही आणि अक्षर तुम्ही खोटं देता. त्याने काय करायचं? चित्रातले मासे मोजायचे? मला आवाजही हवा आणि अक्षरही हवं, आणि दोन्हींत एकच म्हातारी हवी!”

“एका माणसासाठी–” साहेबांनी सुरुवात केली.

“एका? जगातले बाकीचे बहिरे तुम्हाला पत्र पाठवून कळवतील होय?”

साहेब चिडले. मऊ बोलणारी माणसं चिडली की जास्त मऊ बोलतात. “आजीबाई, म्हातारीचा आवाज दुसऱ्याही काढतात बरं. रेकॉर्डिंग बुधवारी आहे. यायचं तर या.”

घरी येताना बाई घाबरल्या होत्या, खोटं कशाला सांगू. होडीवाली त्यांची होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सासवा आणि चेटकिणी करून झाल्यावर ही एक म्हातारी त्यांना स्वतःसारखी मिळाली होती. पण ती नवऱ्यापर्यंत पोचत नसेल तर ती बोलते कुणासाठी? न्हाव्यासाठी? घरी मशीनवाल्यांनी विचारलं, काय म्हणाले? बाईंनी हात झटकला. काही नाही, जाऊ दे. आणि हात झटकताच त्यांना स्वतःची लाज वाटली. पुन्हा समोर बसून, ओठ सावकाश हलवून, त्यांनी सगळं सांगितलं. मशीनवाले म्हणाले, “नोकरीवर लाथ मारू नकोस. मी आहे त्यात खूश आहे.” त्यावर तर बाईंचा निश्चय पक्काच झाला.

बुधवारी त्या वेळेवर गेल्या, काचेच्या आत उभ्या राहिल्या आणि कागद हातात घेतला. कुलूप लागलेला, कापलेला कागद. आणि जे लिहिलं होतं ते वाचायला लागल्या. काना सोडला नाही, मात्रा सोडली नाही.

“‘काळोख पडत आहे. त्वरा कर.’”

“आजीबाई, जरा तुमच्या पद्धतीने,” साहेब म्हणाले.

“कागदावर असंच आहे.”

“हो, पण तोंडात बसेल तसं–”

“मला छान बसतंय. पुढचं घेऊ? ‘तुला भूक लागली आहे का? माझ्याकडे अन्न आहे.’”

कानसेनने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. तासभर हे चाललं. बाईंनी आवाज उत्तम लावला, उच्चार स्वच्छ, चूक काढायला जागा नाही. फक्त म्हातारी मेलेली होती. साहेबांनी घाम पुसला. “अहो, यात जीव कुठाय? असं कोण ऐकेल?”

“माझा नवरा दोन वर्षं हेच गिळतोय, तुम्हाला एका सकाळीत अजीर्ण झालं?”

बाई बाहेर आल्या. भिंतीवरचे मोठे, कान गच्च बंद करणारे हेडफोन त्यांनी काढले, त्यांची वायर काढली, आणि साहेब काही म्हणायच्या आत ते त्यांच्या डोक्यावर चढवले. “बसा,” त्यांनी खुर्ची दाखवली. साहेब बसले. बाईंनी बसा म्हटल्यावर कुणी उभं राहिलेलं मला माहीत नाही. कानसेनने पहिल्या भागातली नदी लावली आणि खोलीतल्या स्पीकरवर आवाज बेताचा ठेवला.

होडी सुटली. म्हातारी बोलली. न बोलावता आलेली लेखिका हसली, कानसेन हसला, चहावालीसुद्धा दारात उभी राहून खुदखुदली. साहेबांपुढे नुसतं ‘शांत बस. प्रवाह वेगवान आहे.’ त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग हसणाऱ्यांकडे पाहिलं. पुढच्या खेपेला पुन्हा सगळे हसले. साहेबांनी हेडफोन एका बाजूने उचलायला हात नेला, तो बाईंनी खाली दाबला.

“काय म्हणाली?” साहेबांनी मोठ्याने विचारलं.

बाईंनी हात झटकला. “काही नाही. जाऊ दे.”

“अहो, काय म्हणाली ती? सगळे का हसतायत?”

“काही नाही हो. तुमच्या कामाचं नाही.”

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

माणूस सुधारला असं मी म्हणणार नाही. पुढे ते सगळ्यांना सांगत फिरले की ही कल्पना पहिल्यापासून त्यांच्याच डोक्यात होती. पण झालं ते झालं. खालच्या ओळी राहिल्या. लेखिकेला काचेच्या आत, बाईंच्या शेजारी स्टूल मिळालं. बाई तोंडात बसेल तसं बोलत, ती तसंच्या तसं टिपून घेई, आणि मधूनमधून म्हणे, “इथे माझंच चांगलं होतं.” बाई पुन्हा म्हणून बघत, आणि कधीकधी, फार कधी नाही, कबूलही करत. पहिल्या भागाचं सगळं जुनं रेकॉर्डिंग लेखिकेने घरी नेलं, एकेक वाक्य ऐकलं आणि खालच्या सगळ्या ओळी नव्याने लिहून काढल्या. दोनात बसलं नाही तिथे तीन.

ते दुरुस्त झालेलं ज्या सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर आलं, त्या सकाळी मशीनवाले चहासुद्धा न पिता बसले. बाई स्वयंपाकघरातून कान देऊन होत्या. पहिल्या खेपेला त्यांचं हसू ऐकू आलं. दुसऱ्या खेपेला ते खुर्चीवर थाप मारून ओरडले, “अगं, ही तर तू!” मग बराच वेळ हसू, खोकला, पुन्हा हसू. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि फोडणीला नावं ठेवली.

मग बाहेरच्या खोलीत एकदम शांत झालं. बाई हात पुसत बाहेर आल्या.

पडद्यावर रात्र होती. होडीवाली आपल्या झोपडीपुढे बसलेली, आणि खेळणाऱ्याने तिला विचारलं होतं, तुझं कुणी नाही का? खाली लिहिलेलं होतं: ‘आहे की. माझा माणूस आहे. हाक मारली तर ऐकत नाही, पण मी आले की मान वर करून बघतो. तेवढ्यासाठी तर रोज परत जाते.’

बाईंना हे आठवतही नव्हतं. यांचा दुसरा कान गेला त्या आठवड्यात कधीतरी काचेत उभं राहून त्या हे बोलून गेल्या होत्या.

“आधी इथे वेगळं होतं,” मशीनवाले पडद्याकडे बघतच म्हणाले.

बाईंनी त्यांच्या खांद्याला हात लावून त्यांची मान आपल्याकडे वळवली. काय होतं?

“‘माझा नवरा वारला.’ एवढंच.”

“आणि तुम्ही ते वाचलंत?” बाईंचे ओठ थरथरत होते, मशीनवाल्यांना ते वाचता आलं की नाही कोण जाणे. “दोन वर्षं वाचत होता? मला विचारलं का नाहीत?”

“काय विचारायचं?” ते साधेपणाने म्हणाले. “मी जन्मभर छापखान्यात. छापलेलं आहे म्हणजे कुणीतरी वाचून, तपासून, खरं आहे म्हणूनच छापलं असणार. मला वाटलं, तुला तसंच वाटत असेल. ज्याच्याशी बोलता येत नाही, ज्याला ऐकू येत नाही, असा नवरा असून नसून सारखाच. तुझं चुकलं असंही मला वाटलं नाही.”

त्यानंतर बाईंचं जे तोंड सुटलं ते आजवर कुणावर सुटलं नव्हतं. साहेबांचा उद्धार झाला, त्यांच्या कात्र्यांचा झाला, छापखान्याचा झाला, आणि सगळ्यात जास्त झाला समोरच्या माणसाचा. मूर्ख आहात, ठोंब्या आहात, असलं मनात घेऊन माझ्या हातचं जेवत होता, लाज नाही वाटली? दुपारी पानं वाढली तरी त्या थांबल्या नाहीत. आणि त्यातला एक शब्द सुटू नये म्हणून मशीनवाले बाईंच्या ओठांकडे बघत जेवले, ताटाकडे त्यांनी बघितलंच नाही.